कळीचं औषध

कोल्हापूरच्या राजारामपुरीत एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्यांचं कार्यालय आहे. तिथून दर सोमवारी जिल्ह्यातल्या काहीशे शेतकऱ्यांना फोन जातो. उचलला की आधीच भरून ठेवलेला अवनीचा आवाज ऐकू येतो. या आठवड्यात कुठल्या पिकावर काय पडेल, काय करावं, काय टाळावं. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी ही सोय आहे. ऐकून झालं की शेतकऱ्याने आपलं म्हणणं बोलून ठेवायचं.

ही बोलून ठेवलेली उत्तरं ऐकायला दत्तोपंत येतात. अडतीस वर्षं त्यांनी पहिली-दुसरीचे वर्ग शिकवले. त्यातली पहिली अकरा वर्षं गडहिंग्लजच्या पलीकडे, कर्नाटकाच्या हद्दीवरच्या गावांत गेली. आता पंचाहत्तरी आली, पण ऐकण्याची सवय गेलेली नाही.

गुरुवारी सकाळी साडेसातला ते आले, तेव्हा अवनी आधीच कामाला लागली होती. कृषी महाविद्यालयातून बाहेर पडून तिला दोन वर्षं झाली होती.

"सर, हे ऐका. काल संध्याकाळचं आहे. आपल्या गौराबाई. तीन महिन्यांत पहिल्यांदा बोलल्यात," ती आनंदाने म्हणाली आणि तिने बटण दाबलं.

आधी म्हैस ओरडल्याचा आवाज आला, मग एका म्हातारीचा.

"बाई, तुमचं ऐकलं. मिरचीत कळी लई झाल्यात बघा. दुकानातनं कळीचं औषध आणलंय. उद्या डेअरीला दूध घालून आलो की मारतो. बियाला राखल्याल्या झाडास्नी खुणंच्या चिंध्या बांधल्यात, त्यास्नीबी मारतो. ठेवू?"

अवनी हसली. "बघा. माझं बोलणं पोचलं."

दत्तोपंत हसले नाहीत. "पुन्हा लाव," ते म्हणाले.

तिने पुन्हा लावलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं.

"सोमवारी तू नेमकं काय सांगितलं होतंस? शब्द न् शब्द सांग."

"मिरचीला कळी दिसली की औषध मारा. दोन दिवसांत मारा, उशीर करू नका. मिरचीला काही अपाय होत नाही. दुकानात कळीचं औषध मागितलं की देतात." तिने त्यांच्याकडे पाहिलं. "तुम्हीच म्हणाला होतात ना, सोपं बोल? म्हणून औषधाचं नाव काढलं. निंबोळीचंच आहे, दुकानदारांना माहीत असतं."

दत्तोपंतांच्या डोळ्यांपुढे एक फळा आला. त्यावर त्यांनीच खडूने गुलाबाची कळी काढली होती, पहिलीच्या वर्गासमोर. 'कळी' म्हणजे काय, असं विचारल्यावर एक चुणचुणीत मुलगी उभी राहून म्हणाली होती, "गुरुजी, उपटून टाकायची!" वर्ग हसला नव्हता. मान हलवत होता. हसले होते ते एकटे दत्तोपंत, आणि आपण का हसायला नको होतं हे कळायला त्यांना आठ दिवस लागले होते.

"अवनी, गौराबाईंच्या घरी कन्नड बोलतात. त्या बाजूच्या कन्नडात कळी म्हणजे तण."

अवनीला क्षणभर काही समजलं नाही. मग तिने फोन जवळ ओढला.

"म्हणजे तिकडच्या दुकानदारानेही त्यांना तणनाशकच दिलंय."

"तण दिसलं की तणाचं औषध मारा, उशीर करू नका, मिरचीला काही होत नाही. तुझ्या आवाजात त्यांनी हेच ऐकलंय. 'उद्या दूध घालून' म्हणाल्यात ना, ती ही सकाळ."

गौराबाईंची मिरची म्हणजे बारा गुंठ्यांचं रान. पण ती जुनी संकेश्वरी मिरची होती, सासूकडून आलेल्या बियाची. गावात बाकी सगळ्यांनी बाजारातली रोपं लावली होती. ते बी आता एकट्या गौराबाईंकडेच उरलं होतं. गेल्या वर्षी पावसाने निम्मं कुजलं, म्हणून उरलेलं सगळं त्यांनी यंदा पेरलं होतं. घरात मूठभरही मागे ठेवलं नव्हतं. अवनीला हे माहीत होतं, कारण आपल्या वहीत तिनेच ते लिहून ठेवलं होतं.

तिने गौराबाईंचा नंबर लावला. घंटा वाजत राहिली. पुन्हा लावला.

"फोन घरात खुंटीला असणार. पोरगा प्रभुलिंग वारणानगरला कामाला असतो, तो तिथून काय करणार?" अवनीने घड्याळाकडे पाहिलं. "सर, गाडी केली तरी दोन तास."

"त्या दूध घालून जाणार होत्या. डेअरीत कोण असतं?"

डेअरीचा नंबर यादीत सापडला. सचिव जोतीराम. पाठीमागे किटल्यांचा खणखणाट चालू होता.

"कोण बोलतंय?"

"मी कोल्हापूरहून अवनी, शेतीचा सल्ला देतो ना आम्ही फोनवर..."

"आवं बाई, हितं पन्नास माणसं रांगेत हायत. दुधाची फॅट लावू का तुमचा सल्ला ऐकू?"

"गौराबाई आल्या होत्या का?"

"आलत्या की. दूध घालून गेल्या. पाऊण तास झाला असंल. पाठीला पंप हुता. का?"

"त्या मिरचीवर तणनाशक मारणार आहेत. चुकून. झाडं मरतील सगळी."

किटल्यांचा आवाज तसाच राहिला, पण जोतीरामचा बदलला.

"काय बोलताय काय! त्यांचं रान वड्याच्या पल्याड हाय. चालत वीस मिंटं. थांबा, कर्ण्यावरनं सांगतो. कर्णा ऐकू जातोय तिकडं. 'गौराबाई, कळीचं औषध मारू नका,' आसं सांगतो."

"नको!" दत्तोपंत एवढ्या जोरात म्हणाले की अवनी दचकली. त्यांनी फोन हातात घेतला. "जोतीराम, मी दत्तोपंत मास्तर. तो शब्द आता काढू नका. ज्यांनी खरं निंबोळीचं औषध आणलंय, ते ऐकून घाबरतील आणि फवारणी सोडतील. मला बोलू द्या. फोन त्या माईकला लावा."

"तुमास्नी कन्नड येतंय?"

"येतं. लावा लवकर."

खरखर झाली. शिट्टीसारखा कर्कश आवाज आला. मग एकदम सगळं मोकळं वाटलं, जणू फोनच्या पलीकडे खोली नव्हती, आभाळ होतं. दत्तोपंत उठून उभे राहिले. वर्गात मागच्या बाकापर्यंत आवाज न्यायचा असला की ते असेच उभे राहत.

"गौरव्वा, होडीब्याड्री! होडीब्याड्री! गिडा सुट्ट होगताव!"

मारू नका, झाडं जळून जातील. तीन वेळा सांगून ते थांबले. त्यांचाच आवाज कुठल्यातरी भिंतीवर आपटून परत येत होता.

"गेला आवाज," जोतीराम म्हणाला. "डेअरीतल्या गुंडूला फटफटीवर धाडतोय, फोन देऊन. वड्याला पाणी हाय, फिरून जाईल. थांबा तुमी."

फोन बंद झाला.

खाली रस्त्यावर शाळेच्या रिक्षा भरून चालल्या होत्या. अवनी टेबलावरच्या फोनकडे बघत बसली.

"सर, मी सोपं करायला गेले."

"मीच शिकवलं तुला सोपं करायला. कुणाला सोपं, ते विचारायचं मात्र शिकवलं नाही."

बारा मिनिटांनी फोन वाजला. गुंडूला धाप लागली होती.

"म्हातारी भेटली. एक पंप मारून झालाय. चार सऱ्या. दुसरा भरत हुत्या, तवर कर्णा ऐकला. थांबा, देतो त्यांच्याकडं."

"कोण, मास्तर व्हय?" गौराबाईंचा आवाज चढलेला होता. "मारा म्हणायचं तुमीच, आनी मारू नका म्हणून गावभर बोंब मारायची तीबी तुमीच? माझ्या रानात कळी ढीग हाय, भांगलायला बाई मिळंना, म्हणून तर आणलं औषध!"

"आजी," अवनी पुढे झाली, "चूक माझी आहे. मला तण म्हणायचं नव्हतं. कळी म्हणजे फुलाची. उमलायच्या आधीची."

गौराबाईंचा आवाज उतरला.

"त्याला मोग्गी म्हणत्यात, बाई."

"हो, आजी. आधी त्या चार सऱ्यांवर साधं पाणी मारा, भरपूर. पंप घासून धुऊन घ्या, नाहीतर दुसरा तरी आणा. वाचतील की नाही, खोटं नाही सांगत, मला ठाऊक नाही. आणि आजी... चिंध्या बांधलेली झाडं?"

"बारा हायत. तीन ह्या चार सऱ्यांत."

मग गौराबाई स्वतःशीच म्हणाल्यासारखं म्हणाल्या, "नऊ ऱ्हायली. नवातनं बी धरता येतंय." आणि आवाज पुन्हा चढवून, "गुंड्या, बघत काय ऱ्हायलास, घागर घे की!"

फोन ठेवल्यावर अवनीने यादी पुढे ओढली. हद्दीवरच्या गावांत हाच निरोप एकसष्ट घरी गेला होता. किती जणींनी काय आणून ठेवलं असेल, कुणाला माहीत.

"आत्ताच्या आत्ता नवा निरोप घालते. 'मोग्गी' म्हणते. नावासकट सांगते."

"घाल. पण एकसष्ट जणींना पाठवायच्या आधी एकीला ऐकव," दत्तोपंत म्हणाले. "आणि 'कळलं का' असं विचारू नकोस. 'कळलं का' म्हटलं की सगळा वर्ग 'हो' म्हणतो. 'काय कळलं' ते विचार."

नऊ वाजता तिने नवा निरोप फोनवर गौराबाईंना ऐकवला. त्या घरी आल्या होत्या, अंगावरचं लुगडं अजून ओलं होतं म्हणे.

"आजी, काय कळलं ते तुमच्या शब्दांत सांगा."

"काय कळायचं? तुमचं बोलणं पुस्तकावानी हाय. ह्या बायका ऐकत्यात नि सोडून देत्यात. मीच बोलतो. घ्या त्या मशिनीत."

अवनीने दत्तोपंतांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. तिने बटण दाबलं.

"मी गौरव्वा बोलतो, डेअरीच्या मागची. सकाळी कर्ण्यावर माझंच नाव घेत हुते. दुकानातनं कळीचं म्हंजे तणाचं औषध आणलासा, तर ते तसंच ठेवा, मिरचीवर मारू नका. मी मारलं. चार सऱ्या गेल्या, दुपारी येऊन बघा कुणाला खोटं वाटत आसंल तर. मोग्गी आली की निंबोळीचं औषध मारायचं, निंबोळीचं. आता हेच कन्नडात सांगतो, ऐका."

आणि त्या पहिल्यापासून पुन्हा सांगू लागल्या.