आवडीचा माग

लग्नाच्या दुसऱ्या वर्षी तेजलने नवऱ्याचा विश्वासघात केला, आणि तोही शंभर वर्षांपूर्वीच्या एका बाईपायी.

त्याचं झालं असं. सोमाटण्याच्या विहारात पुस्तकांचं एक कपाट आहे. ते सांभाळणाऱ्या प्रदीप सरांनी एका रविवारी वंदना झाल्यावर तेजलच्या नवऱ्याच्या, अतुलच्या हातात एक जाडजूड कादंबरी ठेवली. "मुखपृष्ठ गळालंय, पण आतलं एक पान हललेलं नाही," सर म्हणाले. "फक्त घाई करू नका."

अतुल तळेगावच्या एका कंपनीत यंत्रांचे सुटे भाग तपासायचा. तेजल लोणावळ्यातल्या एका हॉटेलात रिसेप्शनला होती. वाचायची हौस दोघांनाही, पण मोबाईलवर दोन ओळी वाचून अंगठ्याने पुढे सरकायची सवय जडलेली. कादंबरीचा आकार बघून तेजल म्हणाली, "अहो, हे वाचायचं की ह्याच्यावर बसायचं?"

अतुलची आई भामाबाई आंदर मावळातली. तिला वाचता यायचं, पण बारीक अक्षराने डोळे चुरचुरायचे. मग ठरलं असं, की संध्याकाळच्या चहाला तिघांनी बसायचं, अतुलने मोठ्याने वाचायचं आणि कुणीही एकट्याने पुढे जायचं नाही. भामाबाईने पुस्तकावर हात ठेवून बजावलं, "जो चोरून म्होरं जाईल, त्याला त्या दिशी भाकर न्हाई."

पहिले काही दिवस हालच झाले. त्या लेखकाचं एक वाक्य सुरू झालं की पान उलटल्याशिवाय पूर्णविराम भेटायचा नाही. अतुलचा दम अर्ध्यातच सुटायचा. "थांब बाबा, पानी पी," भामाबाई म्हणायची, आणि तेजल उशीत तोंड खुपसून हसायची. पण हळूहळू त्याला कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली घ्यायचा ते उमगत गेलं. एका संध्याकाळी एक पानभर लांब वाक्य तो असा झोकात म्हणून गेला, की संपल्यावर भामाबाईने टाळ्याच वाजवल्या. "पुन्यांदा म्हन रं, लय ग्वाड हाय!"

आणि मग गोष्टीने तिघांच्या मानगुटीवरच बसायचं ठरवलं.

गोष्ट होती आवडी नावाच्या पोरीची. आईबाप गेलेली, तात्यासाहेब नावाच्या चुलत्याच्या घरी वाढलेली, माडीवरच्या हातमागावर बसून लुगडी विणणारी. तिचा ठरलेला नवरा दत्ताजी गलबतावर गेला, आणि गलबत बुडाल्याची बातमी आली. तात्यासाहेबाने लगेच एका बोळक्या इनामदाराशी तिचं लग्न जमवायला घेतलं. भामाबाई तात्यासाहेबाचं नाव निघालं की कडाकडा बोटं मोडायची. एकदा तर चौकातल्या नव्या भाजीवाल्याकडून वांगी न घेताच परतली. का, तर म्हणे, "त्याच्या मिशा डिट्टो तात्यासायबावानी हायेत. मला न्हाई घ्यायची त्याची वांगी."

लग्नाचा मांडव पडला, आवडीला हळद लागली, आणि नेमकी अतुलला आठवडाभर दुपारची पाळी लागली. वाचन बंद! पुस्तक फळीवर, आवडी बोहल्यावर. तेजल दोन दिवस तळमळली. भाजीत मीठ दोनदा पडलं. तिसऱ्या दिवशी तिने पुस्तक ओढणीत गुंडाळून पिशवीत घातलं आणि लोणावळ्याला नेलं.

काउंटरच्या खाली मांडीवर पुस्तक, वर हसरा चेहरा, असा तिचा कारभार सुरू झाला. वाचत कसली होती, धावतच होती. मधेमधे लेखक मागाचं, धाग्यांचं, रंगांचं वर्णन करायला बसायचा. मग तेजल चार-चार पानं उडवायची. "पुढे काय झालं ते सांगा ना हो," असं त्या बिचाऱ्या गेलेल्या लेखकाला मनातल्या मनात खडसवायची. इनामदाराचं लग्न भर मांडवात मोडलं तेव्हा ती चक्क "येस!" म्हणाली. आणि बंदरावर एक दाढीवाला माणूस उतरला, त्याने आवडीचं घर कुठलं म्हणून विचारलं, नेमका त्याच क्षणी मुंबईचे एक वयस्कर गृहस्थ बायकोसह काउंटरशी आले.

"आमची रूम तयार आहे का?"

तेजलने भरल्या डोळ्यांनी वर पाहिलं. "तो जिवंत आहे!"

गृहस्थांनी बायकोकडे पाहिलं. बायको दोन पावलं मागे सरकली. "कोण?" त्यांनी हळूच विचारलं.

"दत्ताजी," तेजल म्हणून गेली, आणि मग जीभ चावून त्यांना चुकून सगळ्यात भारी, दरीकडची खोली देऊन बसली.

पण शेवट वाचून तिचा भडका उडाला. दत्ताजी परत आला, पैसा घेऊन आला, सगळा गाव नटला, आणि आवडीने काय करावं? दारातच त्याला ओवाळलं, चार गोड शब्द बोलली, आणि लग्नाला नाही म्हणाली! माडीवर गेली, माग सुरू झाला, पुस्तक संपलं. "ही काय रीत झाली?" परतीच्या लोकलमध्ये तेजल अशी धुमसत होती की तळेगाव कधी गेलं कळलंच नाही. ती उतरली ती देहूरोडला.

अतुलची पाळी बदलली आणि पुन्हा चहाची बैठक बसली. आता तेजलला नाटक करणं भाग होतं. इनामदाराची वरात वळणावर दिसते न दिसते, तोच तिने "अरे देवा!" करून तोंडावर हात नेला.

"आजून त्यो घोड्यावरनं उतरला बी न्हाई," भामाबाई म्हणाली. "तू कशापायी वरडती?"

अतुलने चष्म्यावरून एकदा तिच्याकडे पाहिलं आणि पुढची ओळ वाचायला घेतली.

त्यातून हा गडी यंत्रांतला. तेजलने उडवलेली मागाची वर्णनं तो चवीचवीने, दोन-दोनदा वाचायचा. "बघ, हा धोटा. ह्यात आडवा धागा भरलेला असतो, तो इकडून तिकडे फेकायचा," असं हाताने करून दाखवायचा. तेजल जांभया द्यायची. शेवट माहीत असल्यामुळे तिला घाई नव्हती, आणि घाई नसल्यामुळे हळूहळू तिचे कान उघडले. दत्ताजीचा विषय कुणी काढला की आवडीच्या हातातला धागा तुटायचा. घरचे म्हणायचे, बघा, कशी झुरते पोर. पण लेखक असं कुठेच म्हणत नव्हता. तो फक्त पुढच्या पानावर सांगायचा, की सगळे निघून गेल्यावर धोटा पाण्यासारखा धावायला लागला, आणि लुगड्याच्या काठावर कुणी न सांगितलेली एक हिरवी वेल उमटली.

तेजलच्या अंगावर सर्रकन काटा आला. ती ताडकन उठून उभी राहिली.

"अगं बाई! म्हणून ती शेवटी त्याला दारातूनच परत पाठवते!"

तिकडे चहाचं आधण उतू गेलं, पण उठलं कुणीच नाही.

"शेवटी?" अतुल म्हणाला.

"म्हणजे... मला आपलं वाटलं..."

"कुणाला परत पाठवते? दत्ताजी जिवंत आहे? तुला ठाऊक होतं, आणि परवा तू मला त्याच्यासाठी रडू दिलंस?"

"मी पण रडले होते की! आधी. लोणावळ्यात."

अतुलने पुस्तक मिटलं. चेहरा खरोखरच दुखावलेला. तेजलचे डोळे भरून आले. तेवढ्यात भामाबाई गदागदा हलायला लागली. तेजलला वाटलं सासूही रडते आहे. पण ती हसत होती; हसता हसता पदर तोंडात कोंबत होती.

"न्हाई म्हनली? सगळ्या गावाम्होरं? आवडे, माझे वाघिनी! आन् ही आमची येडी म्हनं, मला आपलं वाटलं!"

मग अतुलचंही सुटलं. तिघं इतकी हसली, की शेजारची हिरा मावशी काय झालं म्हणून धावत आली आणि काही न कळता तीही हसायला लागली.

त्या दिवशी तेजलला कबूल केल्याप्रमाणे भाकर मिळाली नाही. तिने हिरा मावशीकडे जाऊन खाल्ली. परत आली तर माय-लेक पुस्तक उलटंपालटं करत बसलेले. "मला एक सांग," अतुल म्हणाला, "तुला तिच्या मनातलं लोणावळ्यातच कळलं होतं?"

"छे हो. तेव्हा मी चिडले होते. तिचं मन सगळं मागात होतं, आणि मी मागच उडवला."

"मंग पयल्यापास्नं लाव," भामाबाई मांडी ठोकत म्हणाली. "आता मला ठावं हाय ती न्हाई म्हननार. आता मला येकेका पानावर तिचं त्वांड बघायचंय."

आणि खरंच, दुसऱ्या खेपेला पुस्तक दुप्पट रंगलं. तिघं एकमेकांवर कुरघोडी करत खुणा शोधायची. "हितं! हितं बी धागा तुटला!" भामाबाई ओरडायची. तात्यासाहेबसुद्धा एका ठिकाणी एकटाच माडीखाली उभा राहून मागाचा आवाज ऐकतो, ते तेजलला सापडलं, आणि त्या म्हाताऱ्याबद्दल तिघांनाही जरा वाईट वाटलं.

शेवटचं प्रकरण भामाबाईने आपल्या माहेरी, आंदर मावळात वाचायचं ठरवलं. भात झोडून झालं होतं. भावाच्या, गोरखच्या ओट्यावर शेजारीपाजारी जमले. भामाबाईने आधीची गोष्ट सांगितली, अतुलने शेवट वाचला, आणि आवडी नाही म्हणताच ओट्यावर दोन तट पडले.

"येवढ्या लांबनं आला बिचारा!" गोरख कळवळून म्हणाला.

"आला तर आला! तिनं बोलावलंतं का?" त्याची बायको कडाडली.

भांडणात शेवटची एसटी कधी गेली कुणालाच समजलं नाही. तिघं मोठ्या रस्त्याच्या फाट्याकडे चालत निघाली, हसत, वाद घालत, उन्हं कलताना. निम्म्या वाटेवर मागून मोटारसायकल आली. गोरख!

"मामा, सोडायला आलात?" तेजलने आनंदाने विचारलं.

"न्हाई गं," गोरख गाडी बंद करत म्हणाला. "तिच्या दारातनं निघाल्याव त्यो दत्ताजी माघारी वळून बघतो का न्हाई? तेवढं वाचून दावा, मला चैन पडंना."

अतुल रस्त्यावरच्या ओढ्याच्या मोरीच्या कठड्यावर बसला आणि त्याने पुस्तक उघडलं.