चिरंबोंच्या पोटातले पाणी

मित्रांनो, माणसाच्या पोटात काय चालले आहे ते कापाकापी न करता बघणारे मी एक जुने सोनोग्राफी यंत्र आहे. मलावी देशात, मोठ्या सरोवराच्या काठावरच्या एका लहानशा इस्पितळात मी राहते. माझे एक चाक वाकडे आहे. सुरू व्हायला मला इतका वेळ लागतो की तेवढ्यात नर्सबाई चहा पिऊन येतात.

माझा जन्म दूरच्या एका थंड देशातला. तिथे नवे यंत्र आल्यावर मला खोक्यात बसवून जहाजाने इकडे धाडले. इथे आल्यावर काय माझे कौतुक झाले! बाळंतपणाच्या विभागात आया माझ्या पडद्याकडे बघून म्हणत, "नाक अगदी बापाचं घेतलंय गं!" खरे तर तो बाळाचा गुडघा असे, पण मी काही बोलत नसे.

मग इथेही नवे, चकचकीत यंत्र आले आणि माझी रवानगी अडगळीच्या खोलीत झाली. माझ्यावर एक चादर टाकली होती. त्या चादरीवर एक कोंबडी येऊन बसू लागली. एकदा तर तिने तिथे अंडेही घातले. मला फार वाईट वाटले.

त्या खोलीतून मला बाहेर काढले ते विनफोर्ड चिरंबो यांच्या लाजेने.

चिरंबो होड्या बांधत आणि चर्चच्या गायकवृंदात खर्जात गात. काही महिन्यांपासून त्यांचे पोट फुगत चालले होते. हातपाय मात्र काटक्यांसारखे झाले होते. संध्याकाळी अंगात कणकण असे, जेवण जात नसे. गावाने मात्र निदान कधीच करून टाकले होते. हा माणूस चोरून काचासू ढोसतो, गावठी दारूने याचे यकृत गेले! चर्चमध्ये त्यांना हळूच मागच्या बाकावर बसवले. त्यांची बायको एस्नात रोज त्यांच्या तोंडाचा वास घेई. वास कधीच आला नाही. तेव्हा नवरा भलताच हुशार आहे, असा अर्थ तिने काढला.

शेवटी एस्नात त्यांना आमच्या इस्पितळात घेऊन आली. डॉक्टर लुसुंगूबाईंनी त्यांचे पोट चाचपले आणि त्यांना सोनोग्राफीच्या रांगेत बसायला सांगितले. रांगेत सगळ्या गरोदर बाया. त्यातली एक सरकून, वडीलधाऱ्याला हाक मारावी तशी म्हणाली, "या आदाडा, बसा ना. कितवा महिना?"

सगळी रांग खो खो हसली. चिरंबो ताडकन उठून फाटकाकडे निघाले. एस्नातने त्यांचा सदरा धरला.

"अहो टेम्वाचे बाबा, कुठे निघालात?"

"मरेन, पण तिथे बसणार नाही!"

"मरा खुशाल! पण आधी त्या पोटात काय भरलंय ते सगळ्यांना कळू दे. मला तर माहीतच आहे!"

लुसुंगूबाईंना हसू आवरेना. त्या किल्ली घेऊन थेट माझ्याकडे आल्या. त्यांनी कोंबडीला हुसकले, मला पुसले आणि एका रिकाम्या खोलीत नेले. इतक्या दिवसांनी मी सुरू होईन का, याची मलाच धाकधूक होती. पण झाले हो मी सुरू!

चिरंबो आडवे झाले. मी कुणालाही ऐकू न येणारा आवाज त्यांच्या पोटात सोडला आणि परत येणारा प्रतिध्वनी ऐकू लागले. आत पाणीच पाणी होते. त्या पाण्यात कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे तरंगत होते. पाठीच्या कण्यापुढे गाठींचा झुबका होता. प्लीहेवर बारीक काळे ठिपके होते.

"गेलं ना यकृत?" एस्नातने विचारले.

"नाही आमामा," लुसुंगूबाई तिला आईचा मान देत म्हणाल्या. "यकृत छान गुळगुळीत आहे. हे दारूचं पोट नाही. मला पोटातल्या क्षयाची शंका येतेय."

"क्षय? तो तर छातीत असतो! ह्यांना साधा खोकला नाही."

"तो पोटातही बिऱ्हाड करतो."

चिरंबोंनी एस्नातकडे असे बघितले की माझा पडदा क्षणभर जास्तच उजळला असावा.

पण मित्रांनो, मी फक्त सावल्या दाखवते. आजाराचे नाव मला सांगता येत नाही. लुसुंगूबाईंनी सुईने थोडे पाणी काढले. ते पेंढ्याच्या रंगाचे होते. छातीचा फोटो स्वच्छ आला. रक्ताच्या तपासण्यांत दुसरा आजार निघाला नाही. जंतू शोधणाऱ्या यंत्राने कळवले, जंतू सापडले नाहीत.

"म्हणजे क्षय नाहीच!" चिरंबो म्हणाले.

"आदाडा, जाळ्यात मासा आला नाही म्हणून सरोवर रिकामं असतं का? या पाण्यात जंतू फार थोडे असतात. पण त्यात प्रथिनं भरपूर आहेत, क्षयात वाढतात त्याच पेशी वाढल्यात, आणि कर्करोगाच्या पेशी दिसल्या नाहीत. त्यात ह्या गाठी, हा ताप. मला खात्री नाही, पण सगळं एकाच दिशेला बोट दाखवतंय."

"आणि तुम्ही चुकलात तर?" एस्नातचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला.

"तर लपवणार नाही. गोळ्या सुरू करू. पुन्हा पुन्हा आत बघू. पाणी हटलं नाही, तर मोठ्या इस्पितळात नेऊन गाठीचा तुकडा तपासू."

पहिल्यांदा ते पुन्हा आले तेव्हा पाणी जवळजवळ तेवढेच होते. लुसुंगूबाईंनी गोळ्या चालूच ठेवायला सांगितल्या. पण पुढच्या खेपेला पाणी कमी दिसले, त्यापुढे आणखी कमी. ताप गेला. एस्नात तक्रार करू लागली, "कसाव्याच्या पिठाचं टोपभर कोंदोवोले आणि सुकी मासळी संपवतात, वर भांडं पुसून खातात!" बोलताना तिचे डोळे मात्र हसत होते.

गोळ्यांचा सहा महिन्यांचा क्रम संपला, तेव्हा पोट कोरडे होते. बाहेर येताच एस्नात गरोदर बायांच्या रांगेपुढे उभी राहिली. "ऐका गं सगळ्या! माझ्या नवऱ्यानं कधी थेंबही घेतला नव्हता!"

"अगं, हळू बोल," चिरंबो पुटपुटले.

"का म्हणून? तुमच्यावर आळ घेताना मी हळू बोलले होते का?"

त्यावर चिरंबो असे गडगडून हसले की खिडकीची काच थरथरली. पुढच्या रविवारी ते चर्चमध्ये पहिल्या रांगेत उभे होते.

आता मी रोज कामात असते. मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या यंत्रांना वेळच्या वेळी पुसा, आमच्या तारा उंदरांपासून जपा. आम्ही अजून पुष्कळ बघू शकतो. आणि कुणाचे पोट फुगले, अंग वाळले, रोज कणकण आली, तर त्याला नावे ठेवू नका. हात धरून दवाखान्यात आणा. बरे वाटू लागले म्हणून गोळ्या अर्ध्यावर सोडू देऊ नका. बाहेरून बघून माणसाविषयी काही ठरवू नका. आत बघायला आम्ही आहोत ना!