समुद्रावर असलेले

सिल्वेस्टरच्या होडीची मोटर पुन्हा बंद पडली आणि त्याने दोष अम्माला दिला.

आमच्या गल्लीत दोन घरांत मिळून एकच भिंत असते. शेजारी मोहरी तडतडली की इकडे शिंक येते.

रफायेलची होडी वाळूला लागली तेव्हा आतलं जाळं अजून उघडलेलंही नव्हतं. तो आत नव्हता.

मेलेल्याच्या नावाला उत्तर लागतं.

जपमाळ संपली की आमची अम्मा, लुर्दम्मा, नावं घेते. आधी घरात असलेल्यांची. मग समुद्रावर असलेल्यांची; मासेमार समोर बसलेला असला तरी त्याचं नाव तिथेच. शेवटी मेलेल्यांची, आणि त्यातल्या प्रत्येक नावानंतर आम्ही सगळे म्हणतो, "शांती दे."

रफायेल माझा थोरला भाऊ. होडी एकटी परतली त्याला सहा वर्षं झाली होती, तरी अम्मा त्याचं नाव समुद्रावर असलेल्यांतच घेई. त्याच्या मागोमाग आमच्या धाकट्या भावाचं, सिल्वेस्टरचं.

"मी रोज परत येतो, अम्मा," सिल्वेस्टर म्हणाला. "मला त्याच्या शेजारी बसवू नकोस. तो माझी मोटर धरून ठेवतो."

"धरणारच. तू तेल घालत नाहीस, त्याला बघवत नाही."

रफायेलच्या नावानंतर अम्मा जरा थांबायची. आपल्याला कुणी हाक मारली की काय, असं वाटून माणूस थांबतं तशी. तेवढा वेळ आम्ही कुणी खोकतही नसू.

भिंतीपलीकडच्या क्लेमन्सला आमची वहिनी, रफायेलची सेलिन, हवी होती. सेलिनलाही तो हवा होता. फादर तयार होते. अडली होती ती क्लेमन्सची आई, बार्बरा.

"फादर मेल्याचा कागद बघतात," ती नळावर अम्माला म्हणाली. "मी काही भिंतीला कान लावत नाही, भिंतच माझ्या कानाला लागते. रोज संध्याकाळी तू त्याला समुद्रावर ठेवतेस. नवरा समुद्रावर असलेली बाई मी सून म्हणून आणू?"

"मग हातात जपमाळ धरून खोटं बोलू?"

"खोटं की खरं, तुझं तुला ठाऊक. मला कसं कळणार?"

कळशी भरून वाहू लागली तरी अम्माने ती उचलली नाही.

घरी सेलिन जेवणासाठी कप्पा, म्हणजे साबुदाण्याचे कंद, सोलत बसली होती. "अम्मा, तुम्ही घेत राहा त्यांचं नाव. मला घाई नाही."

"हे मात्र खोटं. आणि तेही भिंतीजवळ बसून बोलतेस."

सेलिन हसली. मग सुरी खाली ठेवली. "तुम्हाला काय वाटतं? आहेत ते?"

"नाव घेतलं की माझ्यामागे ओले पाय वाजतात, पोरी."

"मागे वळून बघता?"

"नाही. बघितलं तर यायचा थांबेल."

त्या संध्याकाळी अम्माने घरातली नावं घेतली: सेलिन, मेटिल्डा. मेटिल्डा म्हणजे मी. मग समुद्रावरची.

"सिल्वेस्टर."

सिल्वेस्टरने मान वर केली.

मग मेलेली. आमचे वडील, अप्पन अंतोणी. शांती दे. अम्माची सासू. शांती दे.

"रफायेल."

कुणीच बोललं नाही. सेलिनने पदर डोक्यावरून कपाळापर्यंत ओढला होता. मणी अम्माच्या बोटांत तसाच अडकून राहिला.

भिंतीपलीकडून बार्बराचा घोगरा आवाज आला. "शांती दे."

मग सेलिन म्हणाली. मग आम्ही. अम्मा काही म्हणाली नाही. तिने पुढचं नाव घेतलं.

सेलिन आता भिंतीच्या त्या बाजूला असते. संध्याकाळी तिचं उत्तर तिकडून येतं. "समुद्रावर आता मी एकटाच," सिल्वेस्टर एकदा थट्टेने म्हणाला आणि मोटरला तेल घालायला गेला. अम्मा आता रफायेलच्या नावानंतर थांबत नाही. मागे वळून मात्र बघते, रोज.

अप्पन गेले तेव्हा अम्मा चोवीस वर्षांची होती. पुढच्याच वर्षी अंजुथेंगू गावाहून तिला एक स्थळ आलं होतं. तिच्या सासूने ते दारातूनच परत पाठवलं.