न रडणारा घोडा

मित्रांनो, धंतोलीत लहान मुलांचा एक दवाखाना आहे. तिथल्या रक्त तपासायच्या खोलीत, टेबलाच्या कोपऱ्यावर एक जुना कापडी घोडा बसलेला असतो. तो मीच. माझे पुढचे पाय आखूड शिवले गेले, त्यामुळे उभं राहणं मला कधी जमलंच नाही. आता घोड्याने बसून आयुष्य काढलं म्हणून काय झालं? काम मी इमानाने केलं. पण ते काम सांगताना मला आजही लाज वाटते.

माझा जन्म उमरेडचा. वच्छलाबाई नावाच्या विणकर आजींनी मला शिवलं. लुगडं विणून झालं की हातमागावर सुताची टोकं उरायची. त्यांची त्यांनी माझी आयाळ केली आणि पोटात कापूस ठासून भरला. मी होतो नातवासाठी, पण नातू मोठा होऊन मिहानमधल्या एका कंपनीत नोकरीला लागला. मग त्यांनी मला दवाखान्यातल्या कांताबाईंना देऊन टाकलं. "लेकराइले खेळाले ठेव वं," एवढंच म्हणाल्या.

खेळायला कसलं! कांताबाई रक्त काढणाऱ्या सिस्टर. बाई मनाने चांगल्या, हातही हलका. पण रडणारं मूल समोर आलं की त्या एक रिकामी सुई आधी माझ्या पायात खुपसायच्या. "पाह्य बेटा, घोडा रडला काय? काहीच नाई दुखत." मूल माझ्याकडे बघायचं. कापसाच्या पोटातून मी आवाज कुठून काढणार? मूल विश्वासाने हात पुढे करायचं आणि मग किंचाळायचं. जाताना ते माझ्याकडे असं बघायचं की मला तोंड लपवावंसं वाटे. मोठी माणसं मात्र म्हणायची, घोडा मोठा कामाचा आहे.

मग प्रशिक येऊ लागला. पाच वर्षांचा, काडीसारखा पोरगा. त्याला रक्ताचा आजार होता. दर महिन्याला रक्त तपासल्याशिवाय डॉक्टरांना औषध ठरवता येत नसे. त्याला त्याचे आजोबा, भैय्याजी, घेऊन यायचे. घरून निघताना ते सांगायचे, "चाल, सक्करदऱ्याच्या तलावावर जाऊ," आणि स्कूटर वळायची धंतोलीकडे. दोनदा तो फसला. तिसऱ्यांदा त्याने इतकी झटापट केली की रक्त न देताच परत गेला.

पुढच्या वेळी डॉक्टरांनी बजावलं, औषध संपलंय, आज रक्त मिळालंच पाहिजे. प्रशिक टेबलाखाली जाऊन बसला.

"आबाजी, तलाव कुठी हाय?" त्याने आतून विचारलं. "तुमी खोटं काहून बोलता?"

भैय्याजी हातातली टोपी नुसती चुरगाळत राहिले. कांताबाईंनी सवयीने मला उचललं, खाली वाकून त्याच्यासमोर धरलं आणि सुई माझ्या पायात घातली. "पाह्य, रडला काय?"

प्रशिकने माझा पाय हाताने झाकला. "त्याले दुखते," तो म्हणाला. "त्याले बोलता येत नाई, म्हणून तो रडत नाई."

मित्रांनो, मला सुईचं कधीच दुखलं नव्हतं. तुमच्यासारख्या लेकरांना फसवायला माझा पाय वापरायचे, त्याचं दुखत होतं. आणि ते कळलं कोणाला, तर स्वतः सुईला घाबरून टेबलाखाली बसलेल्या त्या लेकराला. मला रडता आलं असतं तर तेव्हा मी नक्की रडलो असतो.

कांताबाईंनी सुई बाजूला ठेवली आणि त्या फरशीवरच बसल्या. "खरं सांगू बेटा? दुखते. मी पाच म्हणेपर्यंत दुखन. रडाचं असंन तर रड."

मग प्रशिक टेबलाखालून बाहेर आला. "घोड्याले नोका टोचू," तो म्हणाला. "मलेच टोचा."

तो खूप रडला. माझी आयाळ त्याने अशी आवळली की निम्मी त्याच्या मुठीत आली. मला त्याचा हात धरता येईना, डोळे पुसता येईनात. मी नुसता बसून होतो. कांताबाई पाच म्हणाल्या आणि सुई खरंच निघाली. तेव्हा त्याने त्यांच्याकडे जरा चकित होऊन पाहिलं. मग माझ्या पायाला चिकटपट्टी मागितली.

भैय्याजींनी त्याला कडेवर घेतलं. "पुढच्या महिन्यात बी इथंच याचं हाय," ते हळूच म्हणाले. "अगुदर दवाखाना, मंग तलाव." प्रशिकने हुं केलं.

आता माझ्या पायाला कोणी सुई लावत नाही. पट्टी मात्र अजून आहे, कडेने सुटत चालली आहे. महिना संपत आला की प्रशिक यावा असंही वाटतं आणि येऊ नये असंही वाटतं. त्यातलं काहीच माझ्या हातात नाही.

मित्रांनो, तुमच्या धाकट्या भावंडाला दवाखान्यात नेतील तेव्हा त्याला खरं सांगा. दुखेल म्हणून सांगा, आणि पाच म्हणेपर्यंत त्याचा हात धरा. मला बोलता येत नाही. तुम्हाला येतं.