घड्याळ जकार्ताचं

"पाक बुरहान, आपल्या मकासारात पाच वाजता सूर्य बुडतो का हो?" हस्नानं पडद्यावरची नजर न काढता विचारलं. साहेबांना तिथं 'पाक' म्हणत.

"आता हे काय नवीन?" मासळीच्या शीतगोदामाचे व्यवस्थापक वैतागले. "तुला कॅमेरे मधेच बंद का पडतात ते बघायला बोलावलंय."

चित्रण मात्र त्यांनीच कौतुकानं लावून दिलं होतं. म्हातारा पहारेकरी डाएंग रेवा फाटकातून बाहेर पडत होता. सुटी सहाला, पण रोज पाचलाच पळतो, म्हणून त्याला गेल्याच आठवड्यात काढलं होतं. चित्रावर वेळ पाचचीच होती. त्याच्यामागे समुद्र लाल झाला होता, सूर्य नुकताच बुडालेला.

"सकाळी कधी यायचा हा?"

"ते कशाला बघायचं?"

हस्नानं बघितलं. पाच वाजता, लख्ख उजेडात. पाळी सहाची.

तिला आता राहवेना. भिंतीवरचं कपाट उघडून तिनं नेटवर्कच्या स्विचला लॅपटॉप जोडला. सगळ्या कॅमेऱ्यांच्या तारा तिथंच येत, वेळही ते तिथूनच घेत. जुना स्विच विजेनं जळाला, तेव्हा हा जकार्ताच्या कचेरीतून तयार होऊन आला होता. इंटरनेटवरच्या प्रमाण घड्याळाशी तो इमानानं जुळवून घेत होता. वेळेचा प्रदेश तेवढा जकार्ताचा राहिला होता, मकासारच्या तासभर मागे.

तिनं ती एक ओळ बदलली, फोनशी वेळ ताडून पाहिली आणि वीज गेली तरी टिकेल अशी जपून ठेवली.

बुरहान खुर्चीत बसले. "मग तो म्हणत होता ते..."

"काय म्हणत होता?"

"सूर्यास्ताची, मगरिबची बांग ऐकूनच निघतो, म्हणाला. मी म्हटलं, कॅमेरा खोटं बोलतो का?" त्यांनी चित्रण बंद केलं. "हस्ना, तू जाऊन सांगतेस त्याला?"

"घड्याळ मी लावलं, पाक. हे तुम्हीच सांगा."

दुसऱ्या दिवशी वेळ टिकली का ते बघायला हस्ना आली, तेव्हा बुरहान डाएंगला कामावर परत घेऊन सगळ्या हमालांसमोर त्याची माफी मागत होते. म्हातारा मान खाली घालून ऐकत होता.

"झालं ते झालं," तो एवढंच म्हणाला. "बायकोला मात्र तुम्हीच सांगा. तिनंही कॅमेऱ्यावरच विश्वास ठेवला; मधला तास कुठं घालवायचास, विचारते."

कुणी हसलं नाही.

हस्ना पडद्यापाशी गेली. फाटकाचं चित्र धुरकट दिसत होतं, खाऱ्या वाऱ्यानं कॅमेऱ्याची काच माखली होती. तेवढ्यात खालून एक बांबू वर आला. टोकाला ओलं फडकं बांधलेलं. काच हळूहळू, कोपऱ्यांसकट पुसली गेली, आणि खाली डाएंग रेवा स्वच्छ दिसू लागला.