अंगावरची नारिंगी अक्षरे

मित्रांनो, या किनाऱ्यावर उलटी पडलेली, तळाला तीन ठिगळे असलेली जी होडी दिसते, ती मी. समार बेटावरच्या लोकांनी मला बरेच काही म्हटले आहे. सुरुवातीला मला सगळे ‘कंपनीची होडी’ म्हणत.

मोठे वादळ झाले त्या साली इथल्या कोळ्यांजवळ वल्हेसुद्धा उरले नव्हते. तेव्हा राजधानीतल्या एका बिस्किटांच्या कंपनीने पाच गावांना मिळून वीस होड्या द्यायचे ठरवले. आम्बो नावाच्या म्हाताऱ्या सुताराने मला घडवले. माझा एकेक सांधा तो बोटाने चाचपून बघे. होडीचा तोल राखणाऱ्या, दोन बाजूंच्या बांबूच्या उलांड्या त्याने स्वतः बांधल्या. मग रंगारी आले आणि माझ्या दोन्ही अंगांवर कंपनीचे नाव हातभर उंच नारिंगी अक्षरांत काढू लागले. तिसऱ्या दिवशी आम्बोला राहवेना.

“अक्षरांना रंगाचे तीन हात नि तळाला एकच? हिला पाण्यात सोडायचीय की भिंतीवर टांगायचीय?”

रंगारी हसले. त्यांना जे सांगितले होते, ते त्यांनी केले.

होड्या दिल्या त्या दिवशी मांडव होता, भाषणे होती. दुलो नावाच्या कोळ्याच्या वाट्याला मी आले. त्याला नारिंगी सदरा घालून माझ्याशेजारी उभे केले आणि तीनदा हसायला लावले. कंपनीत समाजकार्य आणि प्रसिद्धी ही दोन्ही कामे ग्रेसिल नावाची एकच मुलगी बघत असे. मुलगी मनाने चांगली होती. निघताना ती सगळ्यांना म्हणाली, “जपा हं होड्यांना. वर्षाने फोटो काढायला येऊ, तेव्हा अशाच नव्या दिसू देत.”

ती सहज बोलून गेली. दुलोने मात्र ते मनावर घेतले.

इथल्या घरांत चांगल्या बशा कपाटात ठेवतात. घरचे लोक फुटक्या बशीत भात खातात आणि चांगली बशी पाहुण्याची वाट बघते. दुलोने माझेही तसेच केले. मला माडाखाली ठेवून वर निळी ताडपत्री घातली आणि वादळातल्या फळकुटांची, ठोकून जोडलेली जुनी होडी घेऊन तो समुद्रावर जाऊ लागला. नव्या होडीच्या नाळेला, म्हणजे पुढच्या टोकाला, कोंबडीचे रक्त लावून मगच तिला पाण्यात ढकलतात, तेही माझ्या बाबतीत राहिले.

शेजारचा पोल्दिंग चेष्टा करायचा. “काय दुलो, होडी पाळलीस की जावई?”

दुलो म्हणायचा, “दिलेल्याची लाज राखावी लागते, बाबा.”

दर रविवारी त्याची बायको मेना ओल्या फडक्याने माझी अक्षरे पुसायची. मला फार शरम वाटे. अक्षरे चकाकत होती आणि उन्हाने तळाचे सांधे उकलत होते. पाण्याविना होडी अशीच संपते, मित्रांनो, आणि बाहेरून कुणाला कळतही नाही.

मग ईशान्येचे वारे सुरू झाले. एका सकाळी पोल्दिंगची होडी मागे दोर बांधून काहीतरी ओढत आली. ती दुलोची जुनी होडी होती. तिची एक उलांडी मोडली होती आणि दुलो आत बसून डब्याने पाणी उपसत होता. मेना कमरेएवढ्या पाण्यात जाऊन उभी होती. तो किनाऱ्याला लागला तशी ती वळली. सरळ माझ्याकडे आली आणि तिने ताडपत्री ओढून काढली.

“अगं, फोटोला तीनच आठवडे राहिलेत,” दुलो म्हणाला. “त्या मॅमला काय वाटेल?”

“त्या मॅमला वर्षातून एक दिवस बघायचंय. मला तुमचं तोंड रोज बघायचंय.”

दुलो खाली बसला आणि रडला. तोवर मी त्याला कधी रडताना पाहिले नव्हते.

आम्बोने माझे सांधे बुजवले, तळाला ठिगळ मारले. कोंबडी कापली. मी पहिल्यांदा पाण्यात उतरले, तेव्हा सगळे अंग गार झाले आणि आपण कशासाठी जन्मलो ते मला कळले.

तीन आठवड्यांत खाऱ्या पाण्याने आणि जाळ्याच्या घासण्याने अक्षरांची पार रया गेली. ग्रेसिल फोटोवाल्याला घेऊन आली, तेव्हा दुलो माझ्यापुढे आडवा उभा राहून खरवडलेला भाग पाठीने झाकत होता. होडी परत नेतील, हीच त्याला भीती.

“चुकलं, मॅम,” तो म्हणाला. “मला वापरावी लागली.”

ग्रेसिलने उरल्यासुरल्या अक्षरांवरून बोट फिरवले. ती माझ्या ओल्या काठावर तशीच बसली. बाकीच्या चार गावांत फिरून ती इथे आली होती.

“काका, अकरा होड्या ताडपत्रीखाली बघितल्या मी आज,” ती हळूच म्हणाली. “एकदम नव्या. मला किती बरं वाटलं होतं. माझ्या बोलण्यामुळे ठेवल्यात का त्या?”

दुलोने मान खाली घातली. इथे पाहुण्याला हो म्हणून दुखवत नाहीत.

तिने फोटोवाल्याला कॅमेरा आवरायला सांगितले आणि ती आल्या वाटेने परत गेली, त्या अकरा घरांकडे. कंपनीत तिला काय ऐकावे लागले, मला ठाऊक नाही. पण पुढच्या आठवड्यात उपसागरात समोरून एक होडी आली, अंगावर कोरी करकरीत नारिंगी अक्षरे आणि नाळेवर ताजे रक्त. ती माझी बहीण होती. तिच्यामागे आणखी एक होती.

मित्रांनो, कुणाला काही द्याल तर ते त्याचे होऊ द्या. त्याला ते मळवू द्या, झिजवू द्या. आता माझ्या अंगावर एकही अक्षर वाचता येत नाही. संध्याकाळी आम्ही समुद्रावरून परतलो की मेना वाळूवर येते आणि माझ्याकडे ढुंकूनही न बघता आधी दुलोकडे बघते. तो असतो.