रविवारी तू कुठे होतास

सोमवारी सकाळी पुष्कर दाढी करत होता, तेव्हा कौशिक बाथरूमच्या दारात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "पुष्क्या, काल दिवसभर तू कुठे होतास?"

चेन्नईत, अंबत्तूरच्या या फ्लॅटमध्ये येऊन पुष्करला वर्ष झालं होतं. वर्षभरात हा प्रश्न त्याला कुणी पहिल्यांदाच विचारत होतं. खरं सांगायचं तर त्याला बरं वाटलं.

"कामावर. म्हणालो होतो ना, शिफ्ट आहे."

"शिफ्ट नव्हती. मी दुपारी तुझ्या कंपनीत फोन केला होता. रविवारी लॅब बंद असते म्हणाले."

पुष्करने वस्तरा नळाखाली धरला. आरशात कौशिकचा चेहरा दिसत होता. अंगात रविवारचाच शर्ट होता आणि डोळे रात्रभर उघडे राहिल्यासारखे लाल झाले होते. स्वयंपाकघरात त्यांचा तिसरा सोबती शार्दूल चहाजवळ उभा होता. चहा उतू जात होता, तरी तो नुसता बघत होता.

"काल गाडी लागली," कौशिक म्हणाला. "महाबलीपुरमच्या रस्त्यावर, नीलांकरैच्या पुढे. एक सायकलवाला होता."

"लागली म्हणजे?"

"जिवंत आहे रे. सरकारी हॉस्पिटलात नेलाय. लोक जमले, हातात दगड घेऊन. आम्ही पळालो."

"आणि गाडी?"

"गाडी पोलिसांकडे. नंबरावरून सकाळी सब-इन्स्पेक्टरचा फोन आला. चार वाजता ड्रायव्हरला घेऊन या म्हणाला." तो दारातून आत आला आणि आवाज उतरवून बोलू लागला. "'ड्रायव्हर' म्हणाला, कळलं? मालक वेगळा, ड्रायव्हर वेगळा असंच धरून चाललाय तो. गाडी कोण चालवत होतं, त्याला माहीतच नाही."

पुढचं पुष्करला ऐकण्याआधीच कळलं.

कौशिक अंबत्तूरमध्येच एका सॉफ्टवेअर कंपनीत होता. त्याने सेकंडहँड गाडी घेतल्यापासून महिन्यातून दोन-तीन रविवार तिघं मिळून महाबलीपुरमच्या रस्त्याने जात. समुद्राकाठच्या एखाद्या हॉटेलात जेवण, कौशिक आणि शार्दूलची बिअर, पुष्करचं लिंबू सरबत. परत येताना स्टिअरिंगवर पुष्कर. मागच्या सीटवर दोघं गाणी म्हणत, भांडत, झोपून जात; आणि पुष्कर अंधार पडायच्या आत दोघांना अंबत्तूरला आणून उतरवत असे. इरुंगाट्टुकोट्टैच्या एका कारखान्यात तो गाड्यांच्या ब्रेक-लायनिंगची चाचणी करी. लॅबमध्ये दिवसभर त्याच्याशी यंत्रं बोलत. रविवारच्या या फेऱ्या हीच त्याची चेन्नईतली माणसं होती.

मग शुक्रवारी गॅलरीत कपडे वाळत घालताना त्याने आतलं बोलणं ऐकलं. "आधी पुष्क्याला विचार," शार्दूल म्हणत होता, "तो येत असेल तरच ठरव." आणि कौशिक हसून म्हणाला, "येणार नाही तर जातो कुठे? फुकटचा ड्रायव्हर, वर पेट्रोलला हातही लावतो." दोघं खदखदून हसले. त्यात दुष्टपणा काही नव्हता. तेच त्याला जास्त लागलं. शनिवारी त्याने सांगून टाकलं, उद्या शिफ्ट आहे.

"तू चालवत होतास म्हणायचं," कौशिक म्हणाला. "आपण तिघं होतो. दारूचा वास येत होता असं लोक सांगतील, सांगू देत. मागे बसणाऱ्याने प्यायली तर गुन्हा थोडाच होतो? चालवणारा शुद्धीत होता, विषय संपला. आणि तू पीत नाहीस हे अख्ख्या बिल्डिंगला माहीत आहे. वॉचमनसुद्धा सांगेल."

"पण मी तिथे नव्हतो."

"मग कुठे होतास? कुणी बघितलं तुला? एक माणूस सांग."

पुष्कर आठवू लागला. सवयीने त्याने पद्धतशीर आठवलं. सकाळी एग्मोरच्या म्युझियमला गेला. तिकीट मागताना "एक" म्हणाला. व्हेलच्या सांगाड्याखाली बराच वेळ थांबला, कारण एवढ्या मोठ्या प्राण्याच्या पंखात हाताच्या बोटांसारखी हाडं असतात हे त्याला पुन्हा बघायचं होतं. मग एग्मोर स्टेशनवर दहीभाताचं पाकीट घेऊन बाकावर बसला आणि मदुरैकडे जाणाऱ्या गाड्या पाहिल्या. कुणाला पोचवायचं नव्हतं, कुणाला आणायचं नव्हतं. संध्याकाळी लोकलने परत आला आणि जेवून झोपला. दिवसभरात तो "एक" आणि "दहीभात" एवढंच बोलला होता. त्याला ओळखणारं एकही माणूस त्याच्या दिवसात नव्हतं.

"बघ," कौशिक म्हणाला. त्याच्या आवाजात विजय नव्हता, नुसती अजिजी होती. "भावा, पुढच्या महिन्यात माझं ऑनसाइट आहे. केस लागली की व्हिसा गेला. तुला कुठे जायचंय? तुझ्या आयुष्यात याने काय फरक पडतो?"

"कौशिक, जरा जपून बोल," शार्दूल आतून म्हणाला.

"काय चुकीचं बोललो? आणि एक सांगू का?" कौशिकचा आवाज चढला. "हा आला असता तर हे झालंच नसतं. दोनदा फोन केला याला हॉटेलातून. दोनदा! साहेब फोन बंद करून बसले. कुठला राग काढत होतास रे?"

पुष्करच्या गालावरचा साबण वाळला होता. त्याने तो पुसला. "कुठल्या हॉस्पिटलात आहे तो?" एवढंच त्याने विचारलं.

"तिकडे कशाला? कुणी ओळखलं तर?"

"मला कोण ओळखणार?" पुष्कर म्हणाला.

लॅबमध्ये सुट्टी कळवून, दोन बस बदलून हॉस्पिटलकडे जाताना त्याच्या डोक्यात तेच एक वाक्य फिरत राहिलं. हा आला असता तर झालंच नसतं. वाक्य खरं होतं. त्याने ते वेगवेगळ्या बाजूंनी तपासलं आणि दर वेळी ते खरंच निघालं. फोन चालू ठेवला असता, तर एग्मोरहून बस पकडून तो नक्की गेला असता. कुरकुरत गेला असता, पण गेला असता. त्याच्या रुसण्याचा भार कुणा अनोळखी माणसाच्या हाडांवर पडला होता.

सायकलवाल्याचं नाव सुब्बा होतं आणि तो शिंपी होता. हे पुष्करला वॉर्डातल्या सिस्टरकडून कळलं. त्याचं मोडकंतोडकं तमिळ ऐकून तिने मध्येच विचारलं, "तुम्ही मराठी की हो?" तिच्या छातीवरच्या पट्टीवर भवानी असं नाव होतं. तंजावरकडची, पिढ्यान्‌पिढ्या तिकडेच राहिलेल्या मराठी घरातली. तिचे शब्द मराठी होते, पण चाल सगळी तमिळ होती. एरवी पुष्करने तिला हजार प्रश्न विचारले असते.

"मांडीचं हाड मोडलं आहे, कमरेचंही," ती म्हणाली. "ऑपरेशन होईल. चालेल पुढे. पण पायाचं मशीन चालवायला होईल की नाही, डॉक्टर काही सांगत नाहीत. तुम्ही यांचे कोण?"

"कुणी नाही."

तिने त्याच्याकडे क्षणभर पाहिलं. मग म्हणाली, "वेळ संपत आली. बघून घ्या."

सुब्बा झोपेच्या औषधाच्या अंमलाखाली होता. पन्नाशीचा, बारीक अंगाचा. पाय वजन लावून ताणून ठेवला होता. पलंगाशेजारी फरशीवर त्याची बायको बसली होती आणि स्टीलच्या डब्याचं झाकण लावत होती. झाकण बसत नव्हतं. ती ते काढे, फिरवे, पुन्हा दाबे. पुष्कर दिसल्यावर ती हातातलं तसंच ठेवून उठली आणि त्याला कुणी डॉक्टर समजून तमिळमधून भराभर बोलू लागली. त्याला अर्धंच कळलं. दुपारी जेवून दुकानात चालले होते. रोज त्याच बाजूने जातात. कडेने जातात. अगदी कडेने. "ओरमा," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती आणि हाताने फरशीवर रस्त्याची कड दाखवत होती.

"मी डॉक्टर नाही, अम्मा," पुष्कर म्हणाला. मग हा कोण, हे विचारण्याचंही तिच्यात त्राण उरलं नव्हतं. ती पुन्हा खाली बसली.

तो बाहेर व्हरांड्यात आला आणि भिंतीला टेकून उभा राहिला. आणि तिथे त्याला ती गोष्ट दिसली. इतकी उघड होती की सकाळी दिसली नाही याचंच त्याला नवल वाटलं. कौशिकने दोनदा फोन केला होता. कशासाठी? आपण गाडी चालवू नये, हे त्याला समजत होतं म्हणून. एवढंच नाही, कंपनीचा नंबर शोधून तिथेही विचारलं. म्हणजे बिअर पोटात असतानाही ते त्याला पुरतं समजत होतं. त्यानंतर त्याने किल्ली उचलली. बस होती, रिक्षा होत्या, हॉटेलच्या ओसरीवर संध्याकाळपर्यंत झोपता आलं असतं. पुष्कर नव्हता म्हणून अपघात झाला हे खरंच होतं. पण तो नव्हता हे कौशिकला गाडी सुरू करण्याआधी कळलं होतं.

याने त्याचा स्वतःवरचा राग गेला नाही. फक्त दोन गोष्टी वेगळ्या झाल्या. एक त्याची होती, ती तो ठेवून घेणार होता. दुसरी त्याची नव्हती.

त्याने हॉस्पिटलाबाहेरून कौशिकला फोन केला. "मी स्टेशनवर येतो. पण चालवत होतो असं म्हणणार नाही."

"हरिश्चंद्र व्हायचंय तुला?"

"नाही. मी एग्मोरला होतो, एवढंच."

"एग्मोरला काय होतं?"

"काही नाही. म्युझियम बघितलं."

"ये तर खरा," कौशिक म्हणाला. ऐन वेळी हा नाही म्हणणार नाही, असा भरवसा त्या आवाजात होता. आजवर पुष्कर कधी नाही म्हणालाच नव्हता.

पोलीस ठाण्याच्या आवारात कडुलिंबाखाली गाडी उभी होती. डावा दिवा फुटला होता, काचेला जाळं पडलं होतं. डावा, म्हणजे रस्त्याच्या कडेची बाजू. पुष्करने तिकडून नजर काढून घेतली. कौशिक एकटाच आला होता, शार्दूल घरीच थांबला होता.

सब-इन्स्पेक्टर मध्यमवयीन होता, सर्दीने बेजार. त्याने रुमालात नाक शिंकरलं, दोघांकडे पाहिलं आणि इंग्रजीत विचारलं, "मालक कोण?"

"मी, सर," कौशिक म्हणाला.

"आणि ड्रायव्हर?"

कौशिकने पुष्करकडे पाहिलं. पंखा फिरत होता. शेजारच्या खोलीत वायरलेसवर कुणीतरी कुणालातरी एकच आकडा परत परत सांगत होतं. पुष्करला आपल्या तोंडाशी आलेला "मी" स्पष्ट जाणवला. तो शब्द उच्चारला असता तर रात्री तिघं एकत्र जेवले असते, शार्दूलने पाठ थोपटली असती, जन्मभर दोन माणसं त्याला विसरली नसती. त्याने हात मागे बांधले आणि समोरच्या भिंतीकडे पाहत राहिला.

"कोण?" सब-इन्स्पेक्टर वैतागला. "गाडी आपोआप गेली काय?"

"मीच, सर," कौशिक म्हणाला. आवाज इतका खाली गेला होता की त्याला पुन्हा सांगावं लागलं.

"मग हा कोण?"

"मित्र आहे याचा," पुष्कर म्हणाला. "एकाच घरात राहतो. गाडीत नव्हतो."

"नव्हता तर आत काय काम? बाहेर बस."

बाहेर बाक होतं. तो बसला. थोड्या वेळाने मोबाइल वाजला. शार्दूलचा मेसेज होता, कौशिकचं काय झालं. त्याने खरं ते लिहून पाठवलं. उत्तर आलं नाही. पुन्हा तासाभराने त्याने पाहिलं, तेव्हाही नव्हतं.

उजेड पिवळा व्हायला लागला, तेव्हा एक हवालदार कौशिकला व्हरांड्यात घेऊन आला. घरी एक फोन करायची परवानगी मिळाली होती. कौशिकचा मोबाइल टेबलावर जमा होता, म्हणून तो पुष्करसमोर येऊन उभा राहिला.

"झालं समाधान?" तो म्हणाला.

पुष्करने सरकून बाकावर त्याला जागा करून दिली.

"बाबांना सांगायला पाहिजे. वकील बघतील ते." कौशिकने ओठ चावला. मघापासूनचा सगळा ताठा एकदम गळून पडला. "तू सांग ना, पुष्क्या. तुला नीट सांगता येतं. मला नाही रे जमणार. एवढं तरी कर."

कौशिकच्या वडिलांना, विद्याधरकाकांना पुष्कर ओळखत होता. साताऱ्याहून ते मागच्या दिवाळीनंतर येऊन गेले होते. जाताना स्टेशनवर पुष्करचा हात हातात धरून म्हणाले होते, तुम्ही आहात म्हणून काळजी नाही.

"नंबर लावून देतो," पुष्कर म्हणाला. "बोल तू."

त्याने नंबर लावला, घंटा वाजायला लागेपर्यंत फोन कानाला धरला आणि मग कौशिकच्या हातात दिला. कौशिकने तो दोन्ही हातांनी धरला. पलीकडून "हॅलो" आलं, ते पुष्करलाही ऐकू आलं.

"बाबा," कौशिक म्हणाला. मग थांबला. "चहा झाला का तुमचा?"

पुष्कर उठला आणि ऐकू येणार नाही इतका लांब, फाटकापर्यंत गेला. बाहेर ऑफिसं सुटली होती. स्कूटरींचा लोंढा हॉर्न वाजवत समोरून चालला होता आणि त्यातलं एकही माणूस त्याच्याकडे बघत नव्हतं. त्याला कुणी थांब म्हटलं नव्हतं. आज झोपायचं कुठे, हेही त्याला माहीत नव्हतं. तो फाटकाच्या खांबाला टेकून उभा राहिला आणि मागे कौशिकचं बोलणं संपायची वाट पाहू लागला.